दारात गॅरेज बांधायचंय? आधी पाणी बघा, मग वारा

दापोली आणि आजूबाजूच्या गावांत मी घरं, गोठे, छोटी दुकानं अशा बांधकामांवर देखरेख करते. गेल्या काही वर्षांत त्यात एका कामाची भर पडली आहे, ती म्हणजे घरापासून सुटं, गाडीपुरतं गॅरेज. ताडपत्रीच्या मांडवाखाली गाडीचे चार महिने नीट जात नाहीत, हे लोकांना पटायला लागलंय. माझ्याकडे येणारे बहुतेक जण पहिल्यांदा भिंतीचं विचारतात: चिरा (जांभ्या दगडाचा कापीव ठोकळा) लावू की सिमेंटचा ब्लॉक? भिंत कुठलीही चालेल. कोकणात गॅरेज बिघडतं ते खालून शिरणाऱ्या पाण्याने आणि छप्पर उचलणाऱ्या वाऱ्याने. म्हणून या दोन गोष्टींवर मी इथे जास्त लिहिणार आहे. बाकीचं काम कुठलाही बरा गवंडी नीट करतो.

जागा

जागा पावसाळ्यात ठरवा. बांधकाम दसऱ्यानंतरच सुरू होणार असलं, तरी आवारातून पाणी कुठून येतं, कुठे थांबतं आणि कुठून बाहेर पडतं हे जुलैच्या झडीत छत्री घेऊन बघितल्याशिवाय कळत नाही. जिथे पाणी तुंबतं ती जागा सोडा, आणि जिथून पाणी वाहतं तिथेही आडवं बांधू नका. चिपळूणला 22 जुलै 2021च्या पुरात किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते सगळ्यांनी बघितलंय. नदीकाठच्या लोकांनी गॅरेजची जागा पुराच्या खुणेच्या वरच शोधावी. नाहीच मिळाली, तर पूर आल्यावर गाडी उंचावर न्यायला वाट मोकळी राहील असं बघावं.

माडाखाली गॅरेज नको. नारळ पडतो आणि सावळंही (माडाची झावळी) पडतं, आणि दोन्हींनी पत्रा चेपतो. सेप्टिक टँकवरून गाडीची वाट जाता कामा नये, कारण त्यावरची फरशी गाडीच्या वजनासाठी घातलेली नसते. घर आणि गॅरेज यांच्यात निदान सहा-सात फूट मोकळे ठेवा, म्हणजे दोन्ही छपरांच्या पागोळ्या एकाच बोळात पडून घराच्या जोत्याला ओल धरणार नाही. शटरसमोर सरळ 18-20 फूट जागा असेल तर गाडी आत-बाहेर करताना त्रास होत नाही.

वरून विजेची तार जाते का तेही बघा. घरगुती दाबाच्या तारेपासून छप्पर उभं 2.5 मीटर आणि आडवं 1.2 मीटर लांब असावं लागतं. 11 हजार व्होल्टची लाइन असेल तर उभं अंतर 3.7 मीटर. तार आड येत असेल तर आधी महावितरणकडे अर्ज करा. छप्पर उभं राहिल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही.

आमच्याकडे पावसाचा वारा नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. शटर पूर्वेला किंवा उत्तरेला ठेवता आलं तर उत्तम. रस्ताच पश्चिमेला असेल तर शटरवर चार फुटांची पडवी काढावी, नाहीतर झड थेट आत येते.

कागदांचं थोडक्यात सांगते. सातबारा, जागा बिनशेती आहे की गावठाणात आहे त्याचा पुरावा आणि इंजिनिअरने काढलेला नकाशा एवढं घेऊन ग्रामपंचायतीत किंवा नगरपंचायतीत जा. हद्दीपासून किती अंतर सोडायचं ते तिथे लेखी घ्या. हर्णै, मुरूड, कर्दे अशा किनाऱ्यालगतच्या गावांत सीआरझेडची (किनारी नियमन क्षेत्राची) रेषा तपासल्याशिवाय फावडं मारू नका. काम झाल्यावर ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला (घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत) नोंद करून घ्या. त्यामुळे घरपट्टी थोडी वाढेल, पण पुढे कर्ज, विमा किंवा वाटणीच्या वेळी ही नोंद लागते.

माप

माप कागदावर ठरवू नका. जालगावच्या एका कामात गुरुजींनी 10 फूट रुंदीचा नकाशा करून आणला होता. मी त्यांना गाडी अंगणात उभी करायला सांगितली आणि तिच्याभोवती फक्कीने 10 बाय 18ची चौकट आखली. मग चारही दारं आणि डिकी उघडायला लावली. त्यांच्या घरातल्या काकूंचे गुडघे दुखतात, त्या पाय बाहेर काढून आधी बसल्या जागी वळतात आणि मग उठतात. त्यांचं दार पुरतं उघडलं तेव्हा ते रेषेच्या बाहेर गेलं. "ताई, इथे भिंत आली तर मी उतरू कशी?" त्यांनी विचारलं. चौकट पुसून 12 फुटांची आखली, आणि त्यांना परत उतरून दाखवायला सांगितलं. माप असं ठरतं. घरातलं जे माणूस सगळ्यांत सावकाश उतरतं, त्याच्यासाठी गॅरेज बांधायचं.

चार मीटरच्या आतल्या गाड्यांची रुंदी आरसे सोडून साधारण 1.6 ते 1.8 मीटर असते. मोठ्या सात आसनी गाड्या पावणेपाच मीटर किंवा त्याहूनही लांब असतात. म्हणून आतून 12 बाय 20 फूट हे माप मी सुचवते. आज छोटी गाडी असली तरी भिंती पुढची तीस वर्षं हलणार नाहीत. शटरचं तोंड 9 फूट रुंद आणि साडेसात फूट उंच ठेवा. शटर गुंडाळायला वर दीड फूट जागा लागते, हे उंची ठरवतानाच धरा. पुढची सगळी मापं मी या 12 बाय 20च्या हिशेबाने देते आहे.

पाया आणि जोतं

लाइनआउट (जागेवर पायाची आखणी) करताना कोपरे गुण्यात, म्हणजे काटकोनात आहेत का, हे 3-4-5च्या त्रिकोणाने तपासा आणि शेवटी कर्ण मोजा. 12 बाय 20च्या आतल्या मापाचे दोन्ही कर्ण 23 फूट 4 इंचांच्या जवळ यायला हवेत, आणि ते एकमेकांशी तंतोतंत जुळायला हवेत. जुळले नाहीत तर खुंट्या हलवा. खणल्यावर ही दुरुस्ती होत नाही.

आमच्याकडे तांबडी माती दोन-तीन फुटांवर संपते आणि मुरूम किंवा कातळ लागतो. अडीच फूट रुंद चर घेऊन घट्ट मुरूम लागेपर्यंत खणा. तळ पाण्याने भिजवून धुमसाने ठोकून घ्या. वाळवीचं औषध याच वेळी मारायचं असतं: आधी चराच्या तळाला आणि कडांना, नंतर भरावावर. लाकडाचा एक तुकडाही वापरणार नसाल तरी मारा, कारण गाडीतल्या पुठ्ठ्यापर्यंत आणि घराच्या चौकटीपर्यंत वाळवी याच वाटेने पोचते. त्यावर 6 इंचांचं 1:4:8चं (सिमेंट, रेती, खडी) काँक्रीट. चार कोपरे आणि लांब भिंतींचे दोन मध्य, असे सहा खांब धरा. खांबांखाली 3 बाय 3 फुटांची फूटिंग (खांबाचा रुंद तळ) घालून सळ्या तिथूनच वर काढा. मधल्या चरात काळ्या दगडाचं बांधकाम 1:6च्या (सिमेंट, रेती) मालात करा.

सहा खांब एवढ्याशा गॅरेजला कशाला, असं जवळजवळ प्रत्येक मालक विचारतो. एक कारण भूकंप आहे. 11 डिसेंबर 1967चा कोयनेचा भूकंप आमच्याकडच्या जुन्या माणसांना अजून आठवतो. दुसरं कारण वारा, त्याच्यावर पुढे येते.

आता जोत्याची उंची. बाहेरच्या जमिनीचा सगळ्यांत उंच भाग घ्या आणि त्याच्या वर एक फूट जोतं ठेवा. हे पाण्याच्या नळीने लेव्हल काढून ठरवायचं, डोळ्यांच्या अंदाजाने नाही. दगडी बांधकामावर सगळीकडून सलग फिरणारा 6 इंचांचा काँक्रीटचा पट्टा घाला: त्यात 10 मिमीच्या चार सळ्या आणि दर 6 इंचांवर रिंग. मालात वॉटरप्रूफिंगचं औषध मिसळा. चिरा पाणी ओढतो. हा पट्टा सलग नसला तर खालची ओल भिंतीत चढत जाते आणि दोन पावसांत आतून हिरवं दिसायला लागतं.

रेतीबद्दल माझं मत पक्कं आहे. खाडीची रेती स्वस्त मिळते, पण तिच्यात मीठ असतं आणि मिठाने सळई गंजते. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर दिसायला लागते. क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली रेती वापरा. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर काँक्रीटला टँकरचं गोडं पाणी घ्या.

फरशी आणि उतार

जोत्याच्या आत मुरमाचा भराव 6-6 इंचांच्या थरांनी घाला. प्रत्येक थर भिजवून ठोकायचा. गवंड्यांना घाई असते आणि सगळा ट्रक एकदम ओतला जातो. मग पहिल्याच पावसाळ्यात भराव बसतो आणि फरशी मधोमध तडकते. या दिवशी मी जागेवरून हलत नाही, मालकांनीही हलू नये. भरावावर दगडाचं सोलिंग (रचून ठोकलेला थर), त्यावर 1:1.5:3चं 4 इंच काँक्रीट. काँक्रीटच्या आत 8 मिमी सळ्यांची जाळी घाला आणि जाळी जमिनीला चिकटणार नाही म्हणून कव्हर ब्लॉक ठेवा. 20 फुटांच्या लांबीला मधोमध एक सांधा सोडा.

फरशीला शटरकडे उतार हवा, दर 100ला 1. म्हणजे 20 फुटांत मागची भिंत आणि शटर यांच्यात अडीच इंचांचा फरक. ओल्या गाडीवरून निथळणारं पाणी त्याने आपोआप बाहेर जातं. गुळगुळीत टाइल लावू नका. ओल्या काँक्रीटवर झाडू ओढून खरबरीत ठेवा, किंवा चेकर्ड टाइल लावा.

बाहेरचा रॅम्प बहुतेक ठिकाणी आखूड केला जातो. एक फुटाच्या जोत्याला निदान 8 फूट लांबीचा रॅम्प लागतो, 10-12 फूट मिळाला तर गाडीचं पोट घासत नाही. रॅम्प संपतो तिथे, शटरच्या अगदी पुढे, आडवी 6 इंचांची नाली काढा आणि तिच्यावर उचलता येईल अशी लोखंडी जाळी ठेवा. आवार रस्त्यापेक्षा खोल असेल, म्हणजे गाडी खाली उतरून गॅरेजमध्ये येत असेल, तर ही नाली दुप्पट रुंद करा आणि तिचं पाणी बाजूने काढून द्या.

दुरुस्तीसाठी मधोमध खड्डा हवा म्हणणारे काही जण असतात. मी तो करू देत नाही. पावसाळ्यात खालून पाणी येऊन तो भरतो, आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तिथेच साचते.

काँक्रीटला पाणी मारणं हे मालकाचं काम समजा. आता मिळणारं बहुतेक सिमेंट पीपीसी (राख मिसळलेलं) असतं, त्याला किमान 10 दिवस ओलं ठेवावं लागतं. एप्रिलच्या उन्हात 14 दिवस धरा. फरशीवर मालाची छोटी बांधणी करून पाणी भरून ठेवा, खांबांना गोणपाट गुंडाळा.

भिंती

चिरा दिवाळीच्या सुमारास खाणीवर स्वतः जाऊन घ्या. ताजा कापलेला चिरा मऊ असतो आणि हवेवर घट्ट होत जातो. म्हणून काम जानेवारीत असलं तरी आधी आणून रचून ठेवावा. आपटून बघा: खणखणीत वाजला तर घ्या, बद्द वाजला किंवा पिवळ्या मातीच्या नसा जास्त दिसल्या तर परत पाठवा. 14 बाय 9 बाय 7 इंचांचा चिरा धरला तर या गॅरेजला मोडतोडीसह 650 ते 700 नग लागतात. खाणीप्रमाणे माप बदलतं, म्हणून आधी मोजा आणि मग हिशेब करा.

भिंत 9 इंचांची, माल 1:6, चिरे लावण्याआधी भिजवलेले. आधी भिंत दात सोडून (टोकाला एक चिरा पुढे, एक मागे ठेवून) बांधायची आणि मग त्या दातांत खांबाचं काँक्रीट भरायचं, म्हणजे खांब आणि चिरा एकमेकांना धरून राहतात. दोन थरांमागे ओळंबा आणि सूत लावून बघा. शटरवरचा बीम एका कोपऱ्याच्या खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत सलग घ्या. त्याच्या सळ्या तुमच्या इंजिनिअरकडून काढून घ्या, आणि सेंट्रिंगचे खालचे टेके 14 दिवस काढू देऊ नका. शटरच्या दोन्ही कडांना काँक्रीटची उभी पट्टी द्या, नाहीतर मार्गिकेचे अँकर चिऱ्यात ढिले होतात. बाहेरून पावसाच्या बाजूच्या भिंतीला प्लास्टर, बाकीच्या बाजूंना चिऱ्यांमधल्या नुसत्या दरजा (फटी) भरल्या तरी पुरे.

हवा खेळली पाहिजे. बंद गॅरेजमध्ये ऑगस्टपर्यंत सीटवर आणि स्टिअरिंगवर बुरशी येते. समोरासमोरच्या भिंतींत खाली एक फुटावर आणि वर छताजवळ झरोके ठेवा. पेट्रोलची वाफ खालून जाते, सीएनजी हवेपेक्षा हलका म्हणून वरून जातो, तेव्हा दोन्हीकडे झरोके लागतातच. सगळ्या झरोक्यांना बारीक वेल्डमेश ठोका. उंदीर वायरिंग कुरतडतात आणि त्याची दुरुस्ती महाग पडते. त्यांना आत यायला अंगठ्याएवढं भोकसुद्धा पुरतं.

छप्पर

3 जून 2020ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं, आणि दापोली-मंडणगडात हजारो घरांवरची कौलं आणि पत्रे गेले. त्यानंतर मी छपरांच्या दुरुस्त्या बघत गावोगाव फिरले. बऱ्याच ठिकाणी पत्रा फाटलेला नव्हता. पत्रा, पाइप, कैची (छपराचा त्रिकोणी सांगाडा) असं सगळं एकत्र उचललं जाऊन शेजारच्या बागेत पडलं होतं, कारण कैची भिंतीवर नुसती टेकवलेली होती.

हिशेब करून बघा. ताशी 120 किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण 65 किलो येतो. दोन्हीकडे पाखं धरून आपल्या छपराचं क्षेत्र 40 चौरस मीटर होतं. म्हणजे अडीच टनांच्या आसपास जोर. त्यासमोर अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याचं वजन जेमतेम 200 किलो. शटर उघडं राहिलं तर वारा आत भरून आणखी खालून ढकलतो. वजनाने हे छप्पर बसून राहणार नाही, त्याला जमिनीपर्यंत बांधून ठेवावं लागतं.

बांधणी अशी करा. भिंतीच्या डोक्यावर जोत्यासारखाच सलग पट्टा घ्या आणि खांबांच्या सळ्या त्यात वळवून अडकवा. पट्टा ओतण्याआधी सहाही खांबांवर 16 मिमीचे चार-चार अँकर बोल्ट लोखंडी पाटीच्या फर्म्यात अडकवून उभे करा. खालची टोकं वाकवलेली हवीत. ओतल्यावर भोक पाडून केमिकलने बोल्ट बसवू असं फॅब्रिकेटर म्हणेल, त्याला नाही म्हणा. कैच्या तीन: पुढे, मध्ये, मागे. प्रत्येकीची पाटी चार नटांनी आवळलेली, वर दुसरा नट चेपून बसवलेला. कैच्यांवर 80 बाय 40चे आडवे पाइप तीन-सव्वातीन फुटांवर, आणि ते वेल्डिंगच्या टिपक्याने न चिकटवता क्लीट (लोखंडी कोनाचा तुकडा) आणि बोल्टने धरलेले. पत्र्याचे स्क्रू रबरी वॉशरचे, पत्र्याच्या उंच घडीवर मारलेले. कडांच्या ओळींत प्रत्येक घडीला स्क्रू हवा, कारण वारा पत्रा कडेपासूनच सोलायला लागतो.

छप्पर दुपाखी करा, 20-22 अंशांचा उतार ठेवा. बाजूला पाखं दोन फूट बाहेर काढा, पण त्याखाली तिरके टेके द्या. कौलं सुंदर दिसतात आणि आत गारवाही राहतो. ज्यांना दर आगोटीला (पावसाच्या तोंडावर) कौलं चाळायला माणूस मिळतो त्यांनी खुशाल घालावीत. स्लॅब फक्त वर खोली चढवायची असेल तरच घाला, आणि तेव्हा पायाही त्याच हिशेबाने करा.

तासाला 100 मिलिमीटर पाऊस झाला तर या छपरावरून त्या तासात 4 हजार लिटर पाणी येतं. दोन्ही बाजूंना 6 इंचांची पन्हळ आणि 4 इंचांचे पाइप लावा. आमच्याकडे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे वर्षाचं जवळजवळ 1 लाख 40 हजार लिटर पाणी. ते गाळून विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडता आलं तर एप्रिलमध्ये उपयोगी पडेल.

शटर, वीज आणि वेळ

खाऱ्या वाऱ्यात साधं शटर लवकर गंजतं. गॅल्व्हनाइज्ड पट्ट्यांचं घ्या, 9 फुटांच्या रुंदीला गियर लावून घ्या. वरचा अर्धा भाग जाळीचा असला तर हवेलाही मदत होते.

घरातून येणारी केबल आर्मर्ड (धातूच्या कवचाची), जमिनीखाली अडीच फूट, पाइपातून. गॅरेजला स्वतंत्र एमसीबी, 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आणि स्वतःचं अर्थिंग. दिवे मधोमध न लावता दोन्ही लांब भिंतींवर लावा, म्हणजे बॉनेट उघडल्यावर सावली पडत नाही. आज गाडी पेट्रोलची असली तरी मीटरपासून गॅरेजपर्यंत एक रिकामा जाड पाइप आत्ताच टाकून ठेवा. पुढे विजेची गाडी आली आणि 7 किलोवॉटचा चार्जर लावायचा झाला, तर अंगण खणावं लागणार नाही.

कामाचा क्रम मी असा धरते: दसऱ्यानंतर खणाई, डिसेंबरपर्यंत जोतं, होळीपर्यंत भिंती आणि वरचा पट्टा, अक्षय्य तृतीयेच्या आत पत्रा. मे महिना शटर, वीज आणि रंगाला ठेवा. मृगाच्या आधी कोरड्या दिवशी छपरावर नळी लावून तासभर पाणी सोडा आणि आत बसून प्रत्येक स्क्रूखाली, प्रत्येक जोडाखाली बघा. जिथे थेंब दिसेल तिथे खडूने खूण करा आणि फॅब्रिकेटरचे शेवटचे पैसे त्या खुणा मिटेपर्यंत हातात ठेवा.